ठसका म्हणजे ‘चोक’ नव्हे : खाण्यापिण्याच्या क्रियांना इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

अनुस्वार

मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण एका चुकीच्या शब्दाने आमच्याकडे काय झालं ते सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

बाबांना मेंदूचा झटका येऊन गेला. आता ते चालतात, बोलतात, पण गिळणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आम्ही परदेशात राहतो. त्यांच्या गिळण्यावर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला मराठी येत नाही, येण्याचं कारणही नाही. तिने एक वही दिली आहे. दर खाण्याला काय खाल्लं, कसं खाल्लं, कुठे अडखळले, हे रोज लिहायचं आणि संध्याकाळी पानाचा फोटो पाठवायचा. अर्थात इंग्रजीत.

एके दिवशी मी लिहिलं, ‘चोक्ड ऑन टी, ट्वाइस.’ झालं होतं एवढंच, की चहा पिताना दोनदा ठसका लागला होता. आपल्याला कुणालाही लागतो तसाच. डोळ्यांत पाणी आलं, मी पाठीवरून हात फिरवला, संपलं. फोटो पाठवून अर्धा तासही झाला नसेल तर तिचा फोन आला. त्यांना बोलता येत होतं का, ओठ निळे पडले होते का, अँब्युलन्स बोलावली का? मी गांगरून काहीतरी उत्तरं दिली. शेवटी तिने सांगितलं, मी स्वतः येऊन पाहीपर्यंत सगळी पेयं पावडर घालून घट्ट करून द्यायची. बाबा चार दिवस घट्ट चहा प्यायले. तक्रार केली नाही, पण अर्धा कप झाला की कप बाजूला सरकवायचे. माझ्या एका शब्दापायी.

तेव्हापासून मी आधी मराठीत लिहून काढते. परवाचं पान असं होतं:

‘पहिला घास नीट चावला. दुसरा बराच वेळ तोंडात घोळवला. मधे एकदा आवंढा गिळला. सूपचे तीन-चार भुरके. मग ठसका, लहानसा. केळं कुस्करून दिलं ते गटकन गेलं. भात नुसता चिवडला. शेवटचा घास गालात तसाच, बोटाने काढावा लागला.’

आणि माझं इंग्रजी: ‘एट स्लोली. ड्रँक सूप. कॉफ्ड. एट बनाना. डिड नॉट ईट मच राइस.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण जेवताना मी जे पाहिलं त्यातलं काहीच यात नाही. शब्दकोशात चघळणे पाहिलं तर ‘च्यू’, चावणे पाहिलं तर ‘च्यू’, रवंथ पाहिलं तरी त्यातही ‘च्यू’ आहेच. कृपा करून या क्रियांना इंग्रजीत काय म्हणतात ते सांगा. एकच शब्द असेल तर उत्तम, नसेल तर कसं म्हणायचं ते.

दवबिंदू

वाचून वाईट वाटलं. बाबांना लवकर बरं वाटू दे.

भुरका म्हणजे ‘स्लर्प’ आणि केळं कुस्करणं म्हणजे ‘मॅश’, ही दोन नक्की. पाव दुधात कुस्करला तर मात्र ‘मॅश’ म्हणत नाहीत. तिथे ‘क्रंबल’ किंवा ‘ब्रेक अप’. बिस्किट चहात बुडवणं म्हणजे ‘डंक’. बाकीचं जाणकार सांगतीलच.

तिठा

मला वाटतं तुम्ही शब्द शोधूच नका. थेरपिस्टला शब्दसंपत्ती नको आहे, माहिती हवी आहे. काय दिसलं ते साध्या वाक्यात लिहा. ‘त्याने घास तोंडात ठेवला, दोन मिनिटं गिळला नाही.’ एवढं इंग्रजी तुम्हाला येतंच. नेमक्या शब्दाच्या मागे लागलं की चुकीचा नेमका शब्द हाती येतो, आणि तो साध्या शब्दापेक्षा जास्त घात करतो. ‘चोक’चं तेच झालं.

निशिगंध

अनुस्वार, मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं मोठं लिहिते.

आधी ठसका. बोलीभाषेत इंग्रजी माणसंही चहाचा ठसका लागला की ‘आय चोक्ड ऑन माय टी’ म्हणून जातात, त्यामुळे तुमचं इंग्रजी चुकलं असं नाही. पण रुग्णाच्या नोंदीत ‘चोक’ वाचलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: श्वासनळी अडली आहे, माणसाला धड बोलता येत नाही, खोकताही येत नाही, हात गळ्याकडे गेले आहेत. त्याला मराठीत आपण घास अडकला, घुसमटला असं म्हणू. ठसक्यात हवा आत-बाहेर होत असते, म्हणून तर आवाज होतो. तेव्हा लिहा ‘कॉफ्ड’, आणि पुढे लगेच कधी ते लिहा: गिळण्याआधी, गिळताना की गिळून झाल्यावर. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग त्या ‘कधी’चा होतो. घोट चुकीच्या नळीत गेल्यासारखा वाटला तर ‘वेंट डाउन द राँग वे’ असा सरळ वाक्प्रचार आहे, बिनधास्त वापरा. तोंडातलं थोडं बाहेर उडालं तर ‘स्प्लटर्ड’.

एक महत्त्वाचं. ठसका लागणं ही शरीराची राखण आहे. काही रुग्णांच्या श्वासनळीत अन्न किंवा पाणी जातं आणि ठसका लागतच नाही. त्याला ‘सायलेंट अ‍ॅस्पिरेशन’ म्हणतात. म्हणून ठसका नसला तरी दोन गोष्टी ऐकत चला. गिळल्यावर आवाज ओलसर, गुळगुळ झाल्यासारखा येतो का? तो ‘वेट व्हॉइस’. आणि बाबा वारंवार खाकरतात का? खाकरणं म्हणजे ‘क्लीअरिंग हिज थ्रोट’. खोकणं वेगळं, खाकरणं वेगळं. मराठीत तुम्ही हा फरक सहज करता, इंग्रजीतही तो राखा.

शेवटचा घास गालात राहिला, याला आमच्यात ‘पॉकेटिंग’ म्हणतात. खिशात ठेवल्यासारखा गालात ठेवला. तुमच्या पानावरची ही नोंद मला तरी सगळ्यात मोलाची वाटली आणि नेमकी तीच इंग्रजीत गळाली. कोणत्या गालात, तेही लिहा. झटक्यानंतर ज्या बाजूची संवेदना कमी झाली असेल, त्या बाजूला अन्न साठतं आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो.

आता चावणे. खरी मेख इथे आहे. मराठीत आपण एकाच शब्दात दोन कामं उरकतो. समोरच्या दातांनी तुकडा तोडणं म्हणजे ‘बाइट’, दाढांनी बारीक करणं म्हणजे ‘च्यू’. कुत्रा चावतो आणि आपण घास चावतो, आपल्याला शब्द एकच. आमच्या कामात मात्र हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या अन्नाच्या 0 ते 7 अशा आंतरराष्ट्रीय पातळ्या ठरलेल्या आहेत. चौथी पातळी म्हणजे गुळगुळीत वाटलेलं अन्न, त्याला चावणं लागतच नाही. पाचवीत बारीक, ओलसर अन्न. मोठ्या माणसासाठी त्यातली गुठळी 4 मिलिमीटरच्या आत, आणि अगदी थोडं चावावं लागतं. सहावीत मऊ तुकडे, 15 मिलिमीटरपर्यंतचे. इथे दाढांचं चावणं लागतं, पण दातांनी तोडणं नाही. सातवीत नेहमीचं अन्न, तोडणंही आलं. आता पाहा, ‘बाबा चावू शकतात’ या वाक्यावरून कोणती पातळी द्यायची हे कसं ठरवायचं?

आणि ‘सिप’. ‘स्मॉल सिप्स’ सांगितलं असेल तर तो घुटका आहे, घोट नव्हे.

पाणपोई

निशिगंध, घोट आणि घुटका यांत एवढा फरक असतो का? मी तर दोन्ही सारखेच वापरतो.

निशिगंध

बोलताना नसेलही. पण घुटका म्हटलं की ओठ आपोआप कमी उघडतात, करून पाहा. घोट तोंडभरही असू शकतो. त्याला इंग्रजीत ‘माउथफुल’ किंवा ‘स्वॉलो’. मोठा, घाईचा असेल तर ‘गल्प’.

मुक्तछंद

मी भाषांतराचं काम करतो. तिठा यांच्याशी अर्धा सहमत आहे. वर्णन करावं हे खरंच. पण वर्णन तरी कशाने करणार? ‘घास तोंडात ठेवला’ हे ‘हेल्ड इट इन हिज माउथ’ होईल. घोळवणं ते नाही. घोळवताना जीभ चाललेली असते, घास या गालातून त्या गालात जातो. ते ‘मूव्ह्ड इट अराउंड इन हिज माउथ’. पहिल्यात जीभ थांबलेली आहे, दुसऱ्यात चाललेली, आणि थेरपिस्टला जीभ चालते का हेच तर पाहायचं असणार. म्हणजे मराठी शब्दाच्या आत काय काय घडतं ते आधी उलगडावं लागतं. तेवढं केलं की इंग्रजी फार लांब नसतं.

मी शब्दकोशाकडे नंतर जातो. आधी स्वतः ती क्रिया करून पाहतो आणि विचारतो: काम कोण करतंय? ओठ, दात, दाढा, जीभ, घसा की बोटं? आवाज होतोय का? तोंड उघडं आहे की मिटलेलं?

चघळणे घ्या. दात जवळजवळ नाहीत, जीभ आणि टाळू आहेत, वस्तू हळूहळू झिजते आहे. घशाची गोळी असेल तर ‘सक ऑन इट’. औषधाच्या पाकिटावर पुष्कळदा असंच लिहिलेलं असतं: गोळी चोखा, चावू नका, अख्खी गिळू नका. या तीन क्रिया तिथे मुद्दाम वेगळ्या केलेल्या असतात. चघळताना मधूनच दात लागत असतील, च्युइंगमसारखं, तर ‘च्यू ऑन’. तान्हं मूल खुळखुळा चघळतं ते मात्र दोन्ही नाही. त्याला इंग्रजीत ‘माउथिंग’ म्हणतात, तोंडाचंच क्रियापद केलंय. तसंच हिरड्यांचंही. बोळक्या तोंडाने, दात नसताना पाव हिरड्यांनी दाबून मऊ करत खाणं याला ‘गम’ हे क्रियापद आहे. हा शब्द भेटला त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आपल्याकडे त्याला एवढा आटोपशीर शब्द मला सापडलेला नाही.

दातांचे शब्द इंग्रजीत भरपूर. हाड कुरतडणं, एकाच जागी दात घासत राहणं म्हणजे ‘नॉ’ (लिहिताना सुरुवातीला ग आहे, उच्चारात नाही). कडेकडेने इवले तुकडे तोडणं म्हणजे ‘निबल’. उंदीर लाकूड कुरतडतो ते ‘नॉ’, बिस्किटाची कड कुरतडतो ते ‘निबल’. आपण दोन्हीकडे कुरतडणेच म्हणतो. कडक वस्तू फुटण्याचा आवाज ‘क्रंच’मध्ये आहे. ‘मंच’मध्ये लयीत, तब्येतीने चावत राहणं आहे.

यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मग पुष्कळ गाठी सुटल्या. आवाज आपल्याकडेही चिकार आहेत, इंग्रजीपेक्षा कांकणभर जास्तच. पण मराठी आवाज क्रियापदाच्या शेजारी बसवते: गटागटा पिणे, कुडुमकुडुम खाणे, मचमच चावणे, लपलप पिणे. इंग्रजी पुष्कळदा तो आवाज क्रियापदाच्या पोटातच घालते. गटागटा पिणे म्हणजे ‘गल्प डाउन’. मांजराचं लपलप पिणं म्हणजे नुसतं ‘लॅप’, पुढे ‘ड्रिंक’ लावायची गरज नाही. आपण ‘ड्रिंक’ला जोडायला क्रियाविशेषण शोधत बसतो आणि ते मिळत नाही. ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ सोडून दिलं की शब्द समोर येतो.

चिवडणे मला अजूनही पुरतं जमलेलं नाही. ‘पिक्ड अ‍ॅट हिज फूड’ जवळचं आहे, पण त्यात थोडंथोडं पोटात जातं. नुसतंच ताटात इकडून तिकडे केलं असेल तर ‘पुश्ड इट अराउंड हिज प्लेट’. तुमच्या बाबांनी काय केलं?

अनुस्वार

मुक्तछंद, दुसरं. दोन शितंही तोंडात गेली नाहीत.

आणि ‘चोखा, चावू नका, गिळू नका’ वरून आठवलं. बाबांना जिभेखाली ठेवायची एक गोळी आहे. नर्सने ‘लेट इट डिझॉल्व्ह’ सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, चघळा. ते चघळू लागले, म्हणजे जीभ फिरली, गोळी जिभेखालून बाहेर आली. ‘विरघळू द्या’ म्हणायला हवं होतं. म्हणजे चूक उलट दिशेनेही होतेय.

तिठा

मुक्तछंद, ‘ठेवला’ आणि ‘घोळवला’ यांतला फरक मान्य. माझंच वाक्य अपुरं होतं.

दवबिंदू

‘स्लर्प’बद्दल मीच शंका काढते. तो शब्द इंग्रजीत असभ्य वाटतो का? बाबांबद्दल लिहिताना त्यांचा मान कमी होईल असं नको.

मुक्तछंद

जेवणाच्या टेबलावर कुणाला ‘तू स्लर्प करतोस’ म्हटलं तर ती तक्रार असते. पण शब्दात स्वतःत अपमान नाही. चहा पारखणारे लोक चमच्यातून मोठ्याने ‘स्लर्प’ करतात, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. द्रवाबरोबर हवा आत ओढली की चहा सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. कॉफी पारखणारेही हेच करतात. हवा ओढणं हे त्या क्रियेचं मर्म आहे आणि भुरक्यातही तेच आहे. शब्द डच भाषेतून 17व्या शतकात इंग्रजीत आला, आणि तोही आवाजावरूनच बेतलेला.

निशिगंध

आणि वैद्यकीय दृष्टीने त्या हवेमुळेच तो जरूर लिहा. सूप भुरकताना श्वास आत घेतला जातो आणि गिळताना श्वास थांबवावा लागतो. दोन्हींचा मेळ चुकला की ठसका. परवाच्या पानावर भुरक्यांनंतर लगेच ठसका आहे, पाहा. ‘ड्रँक सूप, कॉफ्ड’ यातून मला काही कळलं नसतं. ‘स्लर्प्ड सूप, कॉफ्ड जस्ट आफ्टर’ यातून पुढे काय करायचं ते सुचतं.

पाणपोई

सूप ‘ड्रिंक’ की ‘ईट’? लहानपणापासून गोंधळ आहे.

मुक्तछंद

चमच्याने वाडग्यातून असेल तर ‘ईट’, कपाला तोंड लावून असेल तर ‘ड्रिंक’. भांडं ठरवतं. आणि गोळ्या-औषधं दोन्ही नाहीत, ‘टेक’. कोणत्याही जेवणाला ‘हॅव’ चालतं. ‘जेवलात का?’ला ‘हॅव यू ईटन?’ पुरेसं आहे, जेवण्याचं वेगळं क्रियापद शोधू नका.

उंबरठा

थोडं मागे जाऊन लिहितो. विषयाला सोडून वाटलं तरी शेवटी तिथेच येतो आहे.

‘ईट’ आणि आपलं अन्न ही एकाच घरातली. संस्कृतात अद् म्हणजे खाणे, त्यापासून अन्न. इंग्रजीत त्या द चा ट झाला. ‘लिक’ आणि लिह् यांचंही तसंच. लिह् म्हणजे चाटणे, त्यावरून लेह्य आणि अवलेह. चावणे आलं चर्व् वरून, चर्वण त्याचंच. रवंथ हा संस्कृत रोमन्थ. इंग्रजीत ‘रूमिनेट’चे दोन अर्थ आहेत, गुराचं रवंथ आणि माणसाचं घोळून घोळून विचार करणं, आणि आपणही जुन्या गोष्टींचं रवंथ करतोच. काळजी माणसाला ‘खाते’ असं आपण म्हणतो. इंग्रजीत काळजी करणे याला ‘फ्रेट’ हा शब्द आहे, त्याचा जुना अर्थ खाऊन टाकणे. जर्मनमध्ये माणसाच्या खाण्याला एस्सन आणि जनावराच्या खाण्याला फ्रेस्सन असे दोन शब्द आजही आहेत, ‘फ्रेट’ त्या दुसऱ्याचा भाऊ.

आता मूळ मुद्दा. गीतेच्या पंधराव्या अध्यायात चौदाव्या श्लोकात ‘पचाम्यन्नं चतुर्विधम्’ आहे. अन्न चार प्रकारचं ते कोणतं, हे टीकाकार सांगतात: भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य. श्रीधरस्वामींच्या टीकेत तर प्रत्येकाची कृती दिली आहे. दातांनी तुकडे तोडतोडून खायचं ते भक्ष्य. नुसत्या जिभेने घोळवून गिळायचं ते भोज्य. जिभेवर ठेवून, विरघळेल तसा रस घेत गिळायचं ते लेह्य. आणि दाढांनी पिळून रस घ्यायचा, चोथा टाकायचा, ते चोष्य.

निशिगंध यांनी पातळ्या सांगितल्या तेव्हा मला हेच आठवलं. त्यांची चौथी पातळी म्हणजे जवळजवळ भोज्य. काय शिजवलं यावरून नाही, तोंडात काय करावं लागतं यावरून अन्नाची वाटणी केली आहे. आणि घोळवणे ही क्रिया तिथे नावानिशी आहे. लेह्याचं मला विशेष वाटलं. आपण लेह्य म्हणजे चाटण एवढंच धरतो, पण इथे गोष्ट जिभेवर ठेवून विरघळू देण्याची आहे. अनुस्वार, तुमच्या त्या गोळीची.

एक सूचना. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश उघडून पाहा. पहिली आवृत्ती 1831ची, सुधारून वाढवलेली दुसरी 1857ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. इंग्रजी जुनं आहे, जसंच्या तसं वापरू नका. पण तो ठिकठिकाणी एका शब्दापुढे एक प्रतिशब्द टाकून थांबत नाही, ती गोष्ट कशी होते ते उलगडून सांगतो. मुक्तछंद म्हणतात ते उलगडणं तिथे शिकायला मिळतं.

निशिगंध

उंबरठा, ‘जिभेने घोळवून गिळायचं ते भोज्य’ हे मी लिहून ठेवलं आहे. मराठी रुग्णांच्या घरच्यांना चौथी पातळी समजावताना मला दर वेळी पाच मिनिटं लागतात.

पाणपोई

मग हादडणे, चापणे, ओरपणे, ताव मारणे, फस्त करणे यांचं काय? बाबांच्या वहीत नसतील, पण विषय निघालाच आहे तर.

मुक्तछंद

थोडक्यात सांगतो. या शब्दांत क्रिया कमी आणि बघणाऱ्याचं मत जास्त आहे. ताव मारणे ‘टक इनटू’, फस्त करणे ‘पॉलिश ऑफ’, अधाशासारखं भराभर गिळणं ‘वुल्फ डाउन’ किंवा ‘गॉबल’. तोबरा भरणे ‘स्टफ हिज माउथ’. इंग्रजीत यासाठी प्राणी फार बोलावतात, लांडगा, डुक्कर, आणि थोडं खाणारा असेल तर चोच मारणारा पक्षी, ‘पेक’. ओरपण्यात पातळ पदार्थ आहे, भरपूर आहे आणि आवाजही आहे. ‘स्लर्प डाउन’ बऱ्यापैकी जवळ जातं.

दवबिंदू

कालवणे राहिलं. बोटांनी भात आणि पातळ काही एकजीव करणं. ‘मिक्स’ म्हटलं की चमचा दिसतो.

मुक्तछंद

‘मिक्स इट विथ हिज फिंगर्स’. बोटांचा उल्लेख करावाच लागतो, त्याला इलाज नाही.

निशिगंध

अनुस्वार, बाबा स्वतः कालवत असतील तर ते नक्की लिहा. बोटं, मनगट, ताटाकडे लक्ष, सगळं त्यात दिसतं. हाताच्या व्यायामाच्या थेरपिस्टलाही सांगा. आणि तुम्ही घास करून तोंडात देत असाल तर ‘फेड’, ते स्वतः खात असतील तर ‘एट बाय हिमसेल्फ’. भरवणं आणि खाणं एका वाक्यात मिसळू नका.

एक राहिलं. तुमच्या पानावर ‘आवंढा गिळला’ आहे. तोंडात घास नसताना, नुसती लाळ गिळणं. त्याला आम्ही ‘ड्राय स्वॉलो’ म्हणतो आणि तो व्यायाम म्हणूनही देतो: एक घास, मग एक ‘ड्राय स्वॉलो’, म्हणजे घशात मागे राहिलेलं खाली जातं. मराठी रुग्णांना आम्ही ‘कोरडं गिळा’ म्हणतो आणि ते गोंधळतात. शब्द आपल्याकडे तयार होता आणि मी इतकी वर्षं भाषांतर करत बसले.

अनुस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी येते आहे, कारण आधी करून पाहायचं होतं.

आवंढ्याचं सांगते. थेरपिस्ट काल घरी आली होती. घास झाल्यावर तिने ‘नाउ अ ड्राय स्वॉलो’ म्हटलं. आजवर मी याचं ‘आता नुसतंच गिळा’ असं करायचे आणि बाबा माझ्याकडे बघत राहायचे. तोंडात काही नाही तर गिळू काय? काल मी म्हटलं, ‘बाबा, आवंढा गिळा.’ लगेच गिळला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. तिने दोन बोटं त्यांच्या गळ्याला लावली होती, ती माझ्याकडे वळून म्हणाली, पुन्हा सांग. पुन्हा गिळला. तिने तो शब्द मला दोनदा उच्चारायला लावला आणि तिच्या कागदावर तिच्या लिपीत उतरवून घेतला.

चावण्याचंही तपासलं. मऊ पावाचा तुकडा समोरच्या दातांनी तोडता येत नाही, ओठातून सुटतो. पण बारीक तुकडा दाढेवर दिला तर व्यवस्थित चावतात. ‘कॅन च्यू, कॅननॉट बाइट’ असं लिहिलं. आता तुकडे आधीच करून देते आहे.

पॉकेटिंग डाव्या गालात. चारही दिवस डाव्याच. प्रत्येक घासानंतर जीभ गालात फिरवायला सांगते.

आणि चहा परत पातळ मिळाला. घुटक्या-घुटक्याने, हनुवटी थोडी खाली ठेवून, तिने दाखवलं तसा. आज सकाळचं पान असं आहे: ‘टी, थिन, स्मॉल सिप्स. नो कॉफ. क्लीअर्ड हिज थ्रोट वन्स, आफ्टर द थर्ड सिप. व्हॉइस क्लीअर. फिनिश्ड द कप.’

खाली अजून एक ओळ लिहिली आहे. कप ठेवल्यावर बाबांनी मिटक्या मारल्या, चांगल्या दोन-तीन. ‘स्मॅक्ट हिज लिप्स’ असं लिहिलं आहे. बरोबर आहे ना? पाठवायच्या आधी विचारते.

निशिगंध

बरोबर आहे. ओठ घट्ट मिटून सुटतात तेव्हाच तो आवाज येतो. ते आम्हाला कळायला हवं असतं. पाठवा.